पुस्तक कुणाच्या हातात?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. फक्त 'म्हणजे… म्हणजे…' तेवढं कमी केलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा नुसते गादीवर लोळत असाल, तरी चालेल. आजचा विषय ऐकून काही जण हसतील, कारण आज मी पुस्तकाबद्दल बोलणार आहे. कादंबरी वगैरे नाही, प्रवासाची माहिती देणारं मार्गदर्शक पुस्तक. गाईडबुक. "अगं, कोण घेतं आता ते? फोन आहे की!" हे वाक्य मीही दोन वर्षांपूर्वी म्हटलं असतं. तर झालं असं, की…

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी आई मालवणच्या धक्क्यावर उभ्या होतो. पाऊस तिरका येत होता, आईची छत्री उलटी झालेली. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला. इतका जवळ, की हाक मारली तर आतून कुणीतरी ओ देईल असं वाटावं. आणि बोट बंद. एक बोटवाले काका शेडमध्ये जाळं नीट करत बसले होते. त्यांना विचारलं, तर मान वर न करताच म्हणाले, "आता पावसानंतर येवा."

आता माझ्या आईबद्दल सांगते, नाहीतर यात रडण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आम्ही बार्शीचे. आई अंगणवाडी सेविका होती, एकतीस वर्षं. त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त झाली. एकतीस वर्षं ती लहान लहान पोरांना गोष्ट सांगत आली, की महाराजांनी समुद्रात किल्ला बांधला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. हात पसरून सांगायची. आणि तिनं स्वतः समुद्र पाहिलेला एकदाच, मुंबईला, तोही एका नातेवाइकांच्या दवाखान्याच्या निमित्तानं. त्यामुळे तिच्या निवृत्तीनंतरची पहिली ट्रिप कुठे, हा प्रश्नच नव्हता. मला सुट्टी मिळाली चार दिवस. अर्धे पैसे माझे आणि अर्धे आईनं मानधनातून बाजूला टाकलेले.

आणि आम्ही धक्क्यावरून किल्ला बघतोय.

आई काय म्हणाली माहितीये? "दिसला की. समुद्रात किल्ला आहे म्हणून पोरांना सांगत होते, खरंच आहे. झालं. चल आता, कपडे भिजायलेत."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती समजूत काढत होती, माझी. त्या रात्री लॉजवर मला झोप लागली नाही.

मग मी फोन उघडून बघत बसले, की मी चुकले कुठे. माझ्याकडे सगळं सेव्ह होतं. लोकेशन होतं, रील्स होत्या, 'मालवणात या सात जागा चुकवू नका' होतं. त्यातलं काही खोटं नव्हतं. ज्या व्हिडिओवर मी भुलले होते तो जानेवारीत काढलेला होता, एवढंच. निळं पाणी, कडक ऊन, बोटीवर भगवा. व्हिडिओ बनवणाऱ्यानं 'पावसाळ्यात बोट बंद असते' असं सांगितलं नाही, कारण तो स्वतः पावसाळ्यात तिथे गेलाच नव्हता. कोकणात समुद्रातली प्रवासी वाहतूक साधारण मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते, ही मालवणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. ती मला माहीत नव्हती, आणि 'मला हे माहीत नाही' हेही माहीत नव्हतं. जे माहीतच नाही ते शोधपट्टीत टाइप कसं करणार?

फोनची अडचण ही आहे. तुम्ही विचाराल त्याचं उत्तर तो देतो. जे विचारायला हवं होतं, पण सुचलं नाही, ते शेजारच्या पानावर दिसायला पुस्तकच लागतं.

तर, या वर्षी पुन्हा जायचं ठरवलं, जानेवारीत. आणि पुस्तक घ्यायचं ठरवलं. आईला म्हटलं, "दिवाळीनंतर पुण्याला ये, अप्पा बळवंत चौकात जाऊ." ती म्हणाली, "एवढ्या लांब पुस्तकासाठी? कशाला गं खर्च?" पण आली.

मी आधी एकटीच जाऊन तीन पुस्तकं आणली होती. तिन्ही मराठी, तिन्ही कोकणावरची. नावं सांगत नाही, कारण मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि कुणाची बदनामीही नाही. आपण त्यांना एक, दोन, तीन म्हणू. एक नंबर म्हणजे गुळगुळीत कागद, पानभर रंगीत फोटो. दोन नंबर जाडजूड, बारीक टाइप, फोटो नावापुरते. तीन नंबर मध्यम, मोठा टाइप, साधा कागद, फोटो काळेपांढरे. तिन्हींची किंमत मिळून आमच्या गेल्या वर्षीच्या लॉजच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमी होती. हे ध्यानात ठेवा. आपण हॉटेलचे रिव्ह्यू तासभर वाचतो आणि शंभर-दोनशेच्या पुस्तकाला 'कशाला' म्हणतो.

मग मी या तिघांची परीक्षा घेतली. काय काय तपासलं ते सांगते. तुम्ही कोकणात जा, विदर्भात जा नाहीतर खानदेशात, ही तपासणी चालेल.

पहिली तपासणी. पुस्तक उघडलं, की सगळ्यात आधी ते कंटाळवाणं पान काढा, ज्यावर प्रकाशक, मुद्रक आणि तारखा असतात. तिथे 'आवृत्ती' लिहिलंय की 'पुनर्मुद्रण', ते बघा. दोन्ही वेगळं आहे. सुधारित आवृत्ती म्हणजे कुणीतरी मजकुरावरून पुन्हा हात फिरवलाय. पुनर्मुद्रण म्हणजे तेच जुनं पुन्हा छापलंय. कव्हर नवं, चकाचक, आणि आतल्या बसच्या वेळा पंधरा वर्षांपूर्वीच्या, असं होऊ शकतं. आमचा एक नंबर नेमका तसाच निघाला.

आणि तारखेवर भरवसा नसेल तर आतून ओळखा. दक्षिण कोकणासाठी माझी खूण आहे कातळशिल्पं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे त्या जांभ्याच्या मोकळ्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला एक प्रचंड हत्ती आहे आणि त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. मालवण तालुक्यात कुडोपीला आहेत. गावातल्या लोकांना ती माहीत होतीच, पण बाहेर त्यांचा बोलबाला झाला तो गेल्या दहा-बारा वर्षांत. २०२२ साली तर ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. म्हणजे ज्या पुस्तकात कातळशिल्पांचं नावही नाही, ते मनानं जुनं आहे, कव्हरवर काहीही लिहिलेलं असो. आमच्या दोन नंबरमध्ये कशेळी होतं, कुडोपी होतं, वाट कुठून वळते तेही होतं. तीन नंबरमध्ये अवाक्षर नव्हतं.

दुसरी तपासणी. या पुस्तकात 'नाही' आहे का? ही माझी सगळ्यात लाडकी तपासणी, कारण धक्क्यावर भिजून शिकलेय. जे पुस्तक प्रत्येक जागेला 'नयनरम्य', 'अवश्य भेट द्यावी' म्हणतं, ते कुणाच्याच कामाचं नाही. मी तिन्हींमध्ये गणपतीपुळ्याचं पान काढलं. देऊळ छान, किनारा सुंदर, हे सगळेच लिहितात. पण तिथला समुद्र पोहायला धोक्याचा आहे, तिथे माणसं बुडालेली आहेत. हे ज्यात लिहिलंय ते पुस्तक माझं. एक नंबरमध्ये निळ्याशार पाण्याचा पानभर फोटो होता आणि धोक्याचा एक शब्द नव्हता. दोनमध्ये एक ओळ होती. तीनमध्ये चौकट होती, जाड अक्षरात.

आणि 'नाही'चा आणखी एक प्रकार असतो, 'आम्ही हे सांगू शकत नाही'. मालवणजवळच्या आंगणेवाडीची जत्रा तुम्ही ऐकली असेल, भराडी देवीची. लाखो माणसं जातात, मुंबईतून खास गाड्या सुटतात. तिची तारीख काय? तर तिला ठरलेली तिथीच नाही. गावकरी देवीचा कौल घेऊन दरवर्षी नव्यानं तारीख ठरवतात. बहुतेकदा फेब्रुवारीच्या आसपास येते. मग जे पुस्तक छातीठोकपणे तिथी छापतं, त्यानं एक वर्ष बघितलं आणि तेच कायमचं धरलं. जे म्हणतं, 'दरवर्षी ठरते, त्या वर्षी चौकशी करावी', ते पुस्तक प्रामाणिक. छापील कागदाची मर्यादा ज्याला कळते त्याच्यावर मी विश्वास ठेवते. अशा गोष्टीसाठी मग फोन काढायचा. फोन आणि पुस्तक यांचं भांडण नाहीये. तारीख आणि बसची वेळ फोनला विचारा.

तिसरी तपासणी जरा मजेशीर आहे. एखादी अशी गोष्ट निवडा जी तुम्ही स्वतः नीट वाचून घेतलीये, आणि पुस्तक त्याबद्दल काय म्हणतं ते बघा. मी घेतला विजयदुर्ग. विजयदुर्ग किल्ल्यात काही कट्टे आहेत, त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. आणि तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल, की १८ ऑगस्ट १८६८ला लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं इथे उभं राहून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला.

ऐकायला भारी वाटतं ना? आता गंमत बघा. १८ ऑगस्ट १८६८ला ग्रहण होतं, खरं आहे. ते भारतातून दिसलं, खरं. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन भारतातच होता, पण गुंटूरला, आंध्रात. आणि नॉर्मन लॉकयर? तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्यानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच, इंग्लंडमधून सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यास करून आपलं निरीक्षण नोंदवलं. मग विजयदुर्गाचं नाव आलं कुठून? तर लॉकयर विजयदुर्गला खरंच आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी तो मोहीम घेऊन आला होता. तोपर्यंत हेलियम सापडून, त्याचं बारसं होऊन, रॅमसेनं १८९५मध्ये ते पृथ्वीवर प्रयोगशाळेत वेगळं करूनही झालं होतं. म्हणजे दोन खऱ्या गोष्टी, १८६८चं ग्रहण आणि विजयदुर्गला आलेला लॉकयर, एकमेकींना चिकटल्या आणि त्यातून एक तिसरीच गोष्ट तयार झाली.

मला विचाराल तर खरी गोष्ट काही कमी नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन विजयदुर्गच्या किनाऱ्यावर उतरला, हे पुरेसं भारी आहे. त्याला हेलियमची फोडणी कशाला?

निकाल काय लागला? एक नंबर आणि तीन नंबर, दोन्ही १८६८ला लॉकयरला विजयदुर्गावर उभं करून मोकळे. दोन नंबरनं दोन्ही सालं वेगळी दिली होती. तिथेच मला वाटलं, झालं, दोन नंबर जिंकला.

चौथी तपासणी. त्या भागातल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गावाचं पान वाचायला द्या. माझ्या ऑफिसात एक मैत्रीण आहे, आचऱ्याची. मालवण तालुक्यातलंच गाव. डबा खाताना तिच्यापुढे तिन्ही पुस्तकं ठेवली. म्हटलं, "तुझं गाव वाच आणि मार्क दे." तिनं एक नंबर उघडला, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "ह्यो माणूस आमच्या गावात कधी इलोच नाय." का? तर रामेश्वराच्या देवळाबद्दल लिहिलं होतं, किनाऱ्याबद्दल लिहिलं होतं, पण गावपळणीचा पत्ता नव्हता. आचऱ्यात काही काही वर्षांनी, रामेश्वराचा कौल घेऊन, अख्खं गाव वेशीबाहेर जातं. गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळे. तीन दिवस, तीन रात्री बाहेर झोपड्या बांधून राहतात आणि मग परत येतात. ती म्हणाली, "आमच्या गावाबद्दल लिहायचं आणि हे सोडायचं, म्हणजे वारीचं नाव न घेता पंढरपूरवर लिहिण्यासारखं आहे." दोन आणि तीन नंबर या तपासणीत पास झाले.

जिथे जाणार तिथलं कुणी ओळखीचं नसेल, तर उलटं करा. तुमच्या स्वतःच्या गावावर त्याच लेखकाचं किंवा त्याच मालिकेतलं पुस्तक असेल तर ते चाळा. तुमच्या गावाबद्दल जो थापा मारतो, तो दुसऱ्याच्या गावाबद्दलही मारणार.

पाचवी तपासणी नकाशाची. कोकणात नकाशा म्हणजे खाड्या. विजयदुर्गच्या तटावर उभं राहिलं की वाघोटन खाडीच्या पलीकडे राजापूर तालुका दिसतो, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. डोळ्यांना अगदी जवळ. पण रस्त्यानं जायचं तर आत वळून, पूल गाठून, फिरून यावं लागतं. उत्तरेकडे गेलात तर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी गाडीसकट पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. त्या माहीत असतील तर केवढा तरी वळसा वाचतो. म्हणून ज्या पुस्तकाच्या नकाशात फक्त ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा आहेत, तो नकाशा नव्हे, ती रांगोळी आहे. खाड्या, पूल आणि तरी दाखवलेल्या हव्यात. घाट दाखवलेले हवेत. आपण देशावरून जाणारे, आपल्याला आधी खाली उतरायचंय ना!

आणि हो, एक सल्ला फुकटातला. इतिहासाची खाज असेल तर जुनं गॅझेटिअर नेटवर मिळतं. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं १८८०चं आहे. त्यात मालवण रत्नागिरी जिल्ह्यात आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ला. वाचायला धमाल येते. पण ते घेऊन बोट पकडायला जाऊ नका. संदर्भाचं पुस्तक घरी वाचायचं, वाटेवरचं पुस्तक पिशवीत. ज्याला दोन्ही व्हायचंय ते बहुतेकदा उचलतच नाही इतकं जड होतं.

तर मार्क मोजले. दोन नंबर पहिला, तीन नंबर दुसरा, एक नंबर नापास. मी दोन नंबर आईच्या हातात ठेवला. जरा ऐटीतच. म्हटलं, "हे घ्यायचं. हे बरोबर आहे."

आईनं चष्मा लावला. पान लांब धरलं. जवळ धरलं. खिडकीपाशी गेली. दोन पानं वाचली आणि ठेवलं. मग तीन नंबर उचललं, आणि मंडळी, ती बसलीच वाचत. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मी चहा करून आणला तरी वाचतेय. मग म्हणाली, "हे घेऊ."

मी म्हटलं, "आई, त्यात चुका आहेत. विजयदुर्गचं चुकलंय. कातळशिल्पं नाहीतच."

ती म्हणाली, "असू दे की. यात बसायला जागा कुठंय ते लिहिलंय."

मी पुस्तक घेऊन बघितलं. खरंच. तीन नंबरच्या लेखकानं प्रत्येक जागेच्या खाली बारीकसारीक नोंदी दिल्या होत्या. पायऱ्या आहेत का, साधारण किती, चढ कसा, सावली आहे का, पिण्याचं पाणी मिळतं का, बसस्टँडपासून चालत किती वेळ, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का. मी पाच तपासण्या केल्या, टेबल मांडलं, मार्क दिले, आणि माझ्या यादीत हा प्रश्नच नव्हता. कारण माझे गुडघे दुखत नाहीत. आईचे दुखतात. एकतीस वर्षं जमिनीवर मांडी घालून पोरांबरोबर बसलेले गुडघे आहेत ते. गेल्या वर्षी ती माझ्यामागून चालत होती आणि कुठे बसायला मिळेल ते शोधत होती, आणि मला ते दिसलंही नव्हतं. मी फोनमध्ये बघत पुढे चालले होते.

तर आम्ही तीन नंबर ठेवला. आणि दोन नंबरही ठेवला, घरी. दोन दिवस आम्ही मायलेकी पेन्सिल घेऊन बसलो. दोन नंबरमधून बघून तीन नंबरच्या समासात लिहिलं. विजयदुर्गच्या पानावर आईनं तिच्या गोल गोल अक्षरात लिहिलं, 'लॉकयर साहेब १८९८ला आले'. मागच्या कोऱ्या पानावर कुडोपीची वाट. बोटीच्या पानावर मोठ्ठ्या अक्षरात, 'पावसाळ्यात बंद!!' दोन उद्गारचिन्हं. ती माझ्यासाठी होती, मला कळलं.

जानेवारीत गेलो. पुण्याहून कोल्हापूर, तिथून एसटी. राधानगरी सोडलं, दाजीपूरचं जंगल लागलं आणि माझ्या फोनची रेंज गेली. गेल्या वर्षी रेंज गेली की माझा जीव वरखाली व्हायचा. या वेळी शेजारी आई पुस्तक मांडीवर घेऊन सांगत होती, "आता फोंडा घाट लागणार. मग कणकवली." आणि फोंडा घाट लागला. खाली कोकण दिसायला लागलं तेव्हा तिनं पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं, की आता उतार संपेस्तोवर पोराला खायला देऊ नका, उलटी होईल. तेवढं पुस्तकात नव्हतं. ते आईचं.

मालवणला पोचलो, दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर. ऊन कोवळं, पाणी शांत. बोटीत बसताना आईनं माझा हात इतका घट्ट धरला, की तिची बांगडी मला रुतली. बोट सुटली आणि काही मिनिटांत आम्ही पोचलोसुद्धा. गेल्या वर्षी हेच अंतर ओलांडता आलं नव्हतं.

आत गेल्यावर मी सवयीनं फोन काढला आणि म्हटलं, "चल, आधी शिवराजेश्वराचं देऊळ…" तर आई म्हणाली, "थांब. आधी विहिरी." दूधबाव, साखरबाव, दहीबाव. तिन्हींची नावं तिला पाठ. पुस्तकातल्या नोंदीप्रमाणे कुठून जायचं, कुठे टेकायचं, सगळं तिनं ठरवलं होतं. दहीबावीपाशी ती वाकून आत बघत उभी राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग म्हणाली, "एवढी वर्षं पोरांना सांगितलं. बघ, पाणी आहे." आणि कठड्यापाशी टेकून बसली.

मग शिवराजेश्वराच्या देवळात गेलो. राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथे तिनं हात जोडले आणि मला विचारलं, "किल्ल्याचं काम कधी सुरू झालं?" मी फोन काढेपर्यंत तीच म्हणाली, "सोळाशे चौसष्ट. लिहिलंय यात."

तिसऱ्या दिवशी माझ्या यादीत तारकर्लीचं स्कुबा होतं. आईनं ते खोडलं नाही. म्हणाली, "तू जा. मी धामापूरला जाते. तळं आहे, भगवतीचं देऊळ आहे, पायऱ्यांवर सावली आहे." मी तिच्याबरोबर धामापूरला गेले. स्कुबा राहिलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोन तास बसलो होतो आणि आई मला तिच्या अंगणवाडीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगत होती, जी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. कारण मी कधी शेजारी दोन तास बसलेच नव्हते.

आता मला वाटतं ते सांगते आणि थांबते. फोन एका माणसाच्या हातात असतो. ज्याच्या हातात फोन, त्याची ट्रिप. बाकीचे मागून चालतात आणि 'आता कुठे जायचंय?' विचारतात. गेल्या वर्षी आई माझ्या ट्रिपमधलं सामान होती. बोट चालू असती तरी ती तशीच मागून चालली असती. हे म्हणायला जड जातं, पण तसंच होतं. पुस्तक मात्र तिला मांडीवर ठेवता येतं, त्यावर लिहिता येतं, आणि मला 'थांब' म्हणता येतं.

म्हणून पुस्तक निवडताना सगळ्या तपासण्या करा. आवृत्ती बघा. 'नाही' शोधा. एक गोष्ट पडताळून बघा. गावच्या माणसाला पान दाखवा. नकाशात खाड्या मोजा. पण शेवटी पुस्तक त्या माणसाच्या हातात द्या, ज्याच्यासाठी ही ट्रिप आहे, आणि त्याला निवडू द्या. त्यात चुका असतील तर पेन्सिल दहा रुपयांना मिळते.

ते तीन नंबर आता बार्शीला आहे. परवा फोन केला तर आई म्हणाली, शेजारच्या काकू मागायला आल्या होत्या, त्यांना कोकणात जायचंय. मी विचारलं, "दिलंस?" तर म्हणाली, "दिलं की. पण सांगितलं, समासात लिहिलंय ते आधी वाचा."

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. तोवर आईला, बाबांना, आजीला, ज्यांना घेऊन जायचं राहिलंय त्यांना एकदा विचारून बघा, तुला काय बघायचंय? ऐकत राहा. काळजी घ्या.